पोसमचा विषाणू आणि तुमची पोथी

गुरुजी, आधी तुम्हाला पोसम समजावून सांगायला हवा. ऑस्ट्रेलियातला मांजराएवढा प्राणी, झाडावर राहतो. कांगारूसारखी मादीच्या पोटाला पिशवी, पिल्लू त्यात वाढतं. तिकडची माणसं रानात फिरून त्याच्या लेंड्या गोळा करतात, यंत्र त्यातल्या विषाणूंची जनुकीय अक्षरं तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि ते तुकडे जुळवायला इथं जुन्नरला माझ्या कॉम्प्युटरवर येतात. तुम्ही छडी आपटून माझ्याकडून संस्कृतची शब्दरूपं घोकून घेतलीत ती पोसमच्या लेंड्यांसाठी, हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता.

पण काम तुम्ही शिकवलंत तेच आहे. दर रविवारी एसटीनं मी महाळुंगे पडवळला यायचे, तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर कसर लागलेली स्तोत्राची पोथी उघडलेली असायची, आणि मी तिची नक्कल करायचे. जितकी अक्षरं किड्यानं खाल्ली तितक्या आडव्या रेघा. वर्गात तुमची भाषा सोवळ्यात असे, घरी मात्र गावची. एकदा मी अंदाजानं एक अक्षर सुचवलं, तेव्हा म्हणालात, "लई शहाणपणा नको. ठावं न्हाई, तर न्हाई म्हणून लिवायचं." चुलीपाशी काकू पुटपुटल्या, "सोता कदी म्हणत्यात का?" आमच्यातही तीच रीत आहे. तुकड्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जुळलं की ओळ पुढे सरकते. जिथं काहीच हाती लागत नाही तिथं 'एन' लिहायचा. म्हणजे इथं काहीतरी आहे, आम्हाला ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात एका पोसमच्या विषाणूत मधोमध असंच भगदाड होतं. उंदरांमधल्या एका ओळखीच्या विषाणूचा तुकडा मी तिथं लावून पाहिला, नुसता मापाला, आणि काढायचा विसरले. विसरले म्हणजे, ओळ अखंड दिसत होती आणि मला ती आवडली होती. त्यावरून तिकडच्या संशोधक बाईंनी लेख लिहिला: विषाणू पूर्ण वाचला, तो उंदरांकडून पोसमकडे आला. आज सकाळी, लेख छापायला जाण्याआधी, ओळीवर शेवटची नजर टाकताना दिसलं की मधला भाग उंदरांच्या विषाणूशी अक्षर न् अक्षर सारखा आहे. दोन वेगळे रानटी विषाणू इतके एकसारखे नसतात. मी बाईंना फोन लावला आणि सांगितलं, ते मधलं मी घातलंय, तिथं काहीही मिळालेलं नाही. त्या म्हणाल्या, लेख मागे घेते. पुढचे नमुने तुझ्याकडे पाठवायचे की नाही, विचार करून कळवते. फोन ठेवून मी एन भरत बसले. खूप एन होते.

आता तुमच्या पोथीचं. तुम्ही पूजा सांगायला घाटघरला गेला होतात. तिसऱ्या पानावर पाच अक्षरं खाल्लेली होती. मी वृत्तात चपखल बसणारी पाच रचली आणि रेघांऐवजी तीच लिहिली. परत आल्यावर तुम्ही नक्कल डोळ्यांशी धरलीत. "हे शाबूत व्हतं व्हय? मला तर भोक दिसलं व्हतं." मी हो म्हणाले. तुम्ही हसलात, मोतीबिंदूला दोष दिलात आणि बक्षीस म्हणून स्वतःचं शाईपेन मला दिलंत. नक्कल पुरी झाल्यावर जीर्ण पोथी रीतीप्रमाणे घोडनदीत सोडलीत. आता ताडून पाहायला काही उरलं नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला ती ओळ तुम्ही म्हणायचात, माझ्या अक्षरांवर जरा जास्तच रेंगाळत.

तुमचे डोळे चांगले होते, गुरुजी. भोक होतंच.

तुमच्या तेराव्याला मी निघताना काकूंनी नक्कल माझ्याकडे दिली. ती समोर उघडी आहे, तुमचं पेनही भरून ठेवलंय. पाच अक्षरं खोडायची, पाच रेघा मारायच्या, एवढंच. पण ती ओळ वाचायला घेतली की तुमचा आवाज कानात येतो, आणि मी पेनाला टोपण लावते. पोसमशी खरं वागायला मला एक फोन पुरला. तुमच्या पानावर अजून एकही रेघ मारलेली नाही.