पश्चिमेच्या खोलीत माणूस हवा

ती. दादांना,

घरातल्या सगळ्यांचा आणि खुद्द घराचाही वाकून नमस्कार. (आम्ही पत्रापुरते वाकलो आहोत, घर गेल्या महिन्यापासून वाकलेलेच आहे.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? भूक पूर्वीसारखी आहे ना? आणि वजन? (सहज विचारले.) तुमची बहीण ठीक, माझी आई ठीक, मुलगी अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढते आहे. घराविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण हिने फोनवर तुम्हाला "थोडं हललं" एवढेच सांगितले, आणि माहेरी सांगायच्या गोष्टींत हिचा "थोडं" हा शब्द फार ओझे वाहतो.

घर घेताना तुम्ही म्हणाला होतात, "भावोजी, ही भरावाची जागा. खाली समुद्र आहे, वर नुसती वाळू ओतलीय." मी तेव्हा तुम्हाला जुन्या विचारांचे ठरवून मोकळा झालो. तर समुद्र आलेला नाही, हे आधी नमूद करतो. आला तो भूकंप, आणि तोही इतका किरकोळ की आईला वाटले हिने मिक्सर लावला, आणि त्यावरून तिने हिला दोन शब्द सुनावलेही. पण थोड्याच वेळात अंगणातल्या भेगांतून गढूळ पाणी आणि वाळू उसळू लागली, घराची पूर्वेची बाजू जेवून तृप्त झालेल्या पाहुण्यासारखी सावकाश खाली बसली, आणि आमची पुरलेली मैल्याची टाकी, जिने जन्मभर जमिनीखालीच राहावे अशी सगळ्यांची इच्छा होती, ती डोके वर काढून उभी राहिली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणावरून म्हणाले, "अरे वा! गच्चीवर चढवायला नवी टाकी आणलीत का?"

मग जमिनीचे इंजिनिअर आले. (आई त्यांना बादलीवाले म्हणते.) त्यांनी बादलीत ओली वाळू भरली, आत प्लॅस्टिकचा चेंडू पुरला, वर वीट ठेवली आणि बादलीला बाहेरून टपल्या मारल्या. वाळूचे कण एकमेकांचा हात सोडतात, म्हणाले, आणि सगळ्याची पातळ लापशी होते. वीट बुडाली, चेंडू वर आला. "ही वीट म्हणजे तुमचं घर, आणि हा चेंडू..." आईने तोंडाला पदर लावून "कळलं" म्हटले. जाताना ते सहज बोलून गेले, "पूर्वेकडे आता नवीन वजन टाकू नका."

झाले! आईने त्यावर स्वतःचे शास्त्र उभारले. पूर्वेकडे वजन नको, याचा अर्थ पश्चिमेकडे हवे. कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, हिचा पितळी डबा, सगळे पश्चिमेच्या खोलीत गेले. आम्हीही तिथेच जेवतो, तिथेच भांडतो. (भांडताना कुणी रागाने पूर्वेला निघून गेले तर आई ओरडते, "इकडे येऊन रुसा!") मोजमाप आईच्या रक्तदाबाच्या गोळीने होते. ती जमिनीवर ठेवायची आणि कुठे घरंगळते ते पाहायचे. गोळी रोज इमानाने पूर्वेच्याच कोपऱ्यात जाते. आई आता पाण्याचा पेला घेऊन थेट त्या कोपऱ्यातच गोळीची वाट बघते.

येत्या सोमवारी पालिकेचा माणूस कल मोजणार आहे. तो मर्यादेबाहेर निघाला तर घर रिकामे करावे लागेल. ही वरवर हसते, पण रोज सकाळी उठल्यावर आधी भिंतीवर हात ठेवून बघते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. बाकी सर्व क्षेम.

आपला, किंचित पूर्वेकडे झुकलेला,
मेहुणा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. आईचे मत असे की पश्चिमेला आता फक्त एक भरभक्कम माणूस कमी आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती आली. (मागच्या मुक्कामात आपण आमच्या वेताच्या खुर्चीचा जो निकाल लावलात, तो कुणी विसरलेले नाही.) तरी सोमवारच्या आत, सामानासह, भरपेट जेवून यावे. आपण न आल्यास आम्ही चौघे शिलाई मशीनसकट आपल्याकडे येऊ.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच बादलीवाले आले. पालिकेने सोमवारची वाट न बघता त्यांनाच धाडले होते. त्यांनी कल मोजला. मर्यादेच्या आत आहे. घर रिकामे करावे लागणार नाही, पायाखाली सिमेंटचा रस भरला की भागेल. आईच्या शास्त्राबद्दल विचारले तर म्हणाले, "अख्ख्या घरापुढे एक माणूस म्हणजे माशी हो." तेव्हा आपण तसदी घेऊ नये. हे हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, "खोडा ते. दादाला येऊ दे." मी म्हटले, "अगं, पण दादा आल्यावर घर पश्चिमेला कललं तर?"

"कलू दे की," ही म्हणाली. "माझं माहेर तिकडेच आहे."