कानबाईसाठी आणलेल्या गोळ्या

प्रिय सुनंदा,

काल सासूबाईंनी तुझ्या पिंकीच्या हातात पाळी लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. या श्रावणात घरात कानबाई देवी बसायच्या दिवशीच पोरीची तारीख येते म्हणे. ते पाहिलं आणि लिहायला बसले. एरवी मी काही लिहिणारी बाई नाही, तुला ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी तसलंच पाकीट पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या औषधांच्या दुकानातून मी तुला आणून दिलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. आपल्या घरातल्या सगळ्याच बाया घेतात, मीही घेतल्या, मला कुठे काय झालं? त्यात तुझे उपास. शिवाय साड्यांना टिकल्या लावायला बसलीस की मधे उठायला नको म्हणून तू पाणीच प्यायची नाहीस. किती वेळा सांगितलं होतं गं, तांब्या जवळ घेऊन बस म्हणून.

"मन्हं डोकं दुखस व ताई," असं तू आठवडाभर म्हणत होतीस. मी म्हटलं, उपासाचं पित्त आहे, बाम चोळ. कानबाईला निरोप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला उलट्या झाल्या आणि मग आकडीचा झटका आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना काही गोळ्या चालू आहेत?" माझ्या एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला तुझा नवरा. त्यांच्यासमोर पाळीचं नाव कसं काढायचं? मी म्हटलं, "काही नाही." दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना एकटं गाठून खरं सांगितलं.

तोवर मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं तपासणीत दिसलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळीनं प्रत्येकीला असं होत नाही. पण अंगात पाणी कमी असलं, नुकतंच बाळंतपण झालेलं असलं, किंवा रक्त लवकर गोठायचा दोष घराण्यातच असला, तर धोका वाढत जातो. तुझ्या आईच्या पायात बाळंतपणानंतर गुठळी झाली होती, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, कधी बोलली का नाहीस?

पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर तू वाचली असतीस का? डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाले. ते उत्तर मला पुरत नाही.

आणि घराण्यातला दोष म्हणजे तो पिंकीतही असू शकतो. म्हणून आज जेवताना सगळ्यांसमोर बोलले. "सुनंदानं पाळीच्या गोळ्या घेतल्या होत्या. मीच आणून दिल्या होत्या, आणि तुम्ही पुरुष बाजूला उभे होतात म्हणून डॉक्टरांशी खोटं बोलले. पिंकी त्या घेणार नाही."

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "मी बाहेर जाऊन उभा राहिलो असतो."

एवढंच. मला तेव्हा हे सुचलं नव्हतं गं. त्यांना नुसतं बाहेर जा म्हणायचं होतं.

सोमवारी पिंकीला डॉक्टरांकडे नेते, तुझ्या आईचंही सांगते. तिची तारीख यायची तर येऊ दे, ती माझ्या शेजारी बसून कानबाईच्या प्रसादाचे रोट खाईल. आणि यापुढे कुठल्याही डॉक्टरनं काही विचारलं, तर बाजूला कोण उभं आहे हे मी बघणार नाही.

तुझी मोठी जाऊ,
ताई