देवापुढे ठेवलेल्या कानशी

हॅम्बर्ग, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुलेखाताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? चिवडा पोचला. ऊर्जाने अर्धा डबा फस्त केला आणि वर जर्मनमध्ये 'लेकर, लेकर' म्हणाली, म्हणजे चविष्ट. मराठीत सांग म्हटलं, तर नुसती हसते.

इथल्या जुन्या बाजारात एक जुनापुराणा बँजो मिळाला. हो, अजून एक वाद्य, हस तू. फाटकं कातडं काढून नवं भिजवून ताणलं, कडेचे हूक समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. छान घुमतो. आता मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्यात तारांसाठी खाचा पाडायच्या राहिल्यात. खाच केसभर जास्त खोल गेली की तार झणझणते आणि पट्टी वाया जाते.

पण खाचा पाडायच्या कानशी खंडेनवमीला पूजेत मांडल्या. बँजोही ठेवणार होतो, तर नंदिनी म्हणाली, "अहो, वासराचं कातडं देवाजवळ नको." कानशी मात्र अजून तिथेच आहेत. दसरा गेला, कोजागिरी गेली. नंदिनी फुलं बदलताना विचारते, "उचलू का?" मी म्हणतो, राहू देत दिवाळीपर्यंत. नवरा देवाला लागला म्हणून तिला कौतुक.

तुला खरं सांगतो. पट्ट्या मी आधीच वाया घालवल्यात. कानस खाचेत ठरतच नाही. कॉफी सोडली, चष्मा बदलला. परवा हात टेबलावर नुसता ठेवला होता आणि अंगठा आपला आपला हलत होता. मी हात खिशात घातला. खिशातही हलत होता.

अप्पांनी घड्याळं दुरुस्त करायची हत्यारं अशीच एका खंडेनवमीला देवापुढे ठेवली आणि परत उचललीच नाहीत. आपण म्हणायचो, अप्पा भाविक झाले. कंपवाताचं नाव पुढे केव्हातरी कळलं. ते घाबरले होते हे मला आत्ता कळतंय. मला फार भीती वाटते गं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, आहे. घरात कुणाला होतं का, कसं सुरू झालं, विचारतील. मी तेव्हा इकडे होतो, तू त्यांच्याजवळ होतीस. अप्पांचा आधी कुठला हात हलायला लागला? माझा उजवा आहे.

डावा असेल तर मेसेज टाक. उजवा असेल तर लिहू नकोस, मी ऑफिसात असताना फोन कर. नंदिनीला अजून काही माहीत नाही.

तुझा फोन येऊ नये असं वाटणारा,
तुझा भाऊ
देवदत्त