दहाच मिनिटं राहिलीत

१० सप्टेंबर. झायन.
युटामधली चार नॅशनल पार्कं आणि वाटेत एक स्टेट पार्क. रोज एक ट्रेल. माथा गाठल्याशिवाय परत फिरायचं नाही. एकटाच निघालोय, पण ते फक्त मोॲबपर्यंत. तिथे जोलीन डेन्व्हरहून येऊन मिळणार. फोनवर म्हणाली, बघू डॅड, सुट्टीचं कसं जमतंय ते. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे हो. लग्नाला तिची आईसुद्धा ‘बघू’च म्हणाली होती, आणि मरेपर्यंत माझ्याबरोबर राहिली.

गेटवर रेंजरबाईंनी माझा सीनिअर पास पाहिला. म्हणाल्या, यावर गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश आहे. मग आत वाकून बघितलं. मागच्या सीटवर कॅम्पसाठी दोन घडीच्या खुर्च्या होत्या. निळी माझी. लाल, नवी कोरी, कप ठेवायच्या खिशासकट, जोलीनची.

११ सप्टेंबर.
आजचा ट्रेल अर्धाच केला. मुद्दाम. माथा जोलीनबरोबर बघायचा, परतीच्या वाटेवर तिला इकडे आणणारच आहे. गुडघ्याचा काही संबंध नाही.

चढताना उतरणाऱ्यांना विचारत होतो, किती राहिलं? आलंच की आजोबा, दहाच मिनिटं, वरचा नजारा बघाल तर सगळा शीण जाईल! बऱ्याच वेळाने भेटलेल्यांनीही दहाच मिनिटं सांगितली. आम्ही ट्रेलवाले असेच. धापा टाकणाऱ्याला खरं सांगणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात.

मी परत फिरलो तर एक लठ्ठ गृहस्थ घामाघूम होऊन वर येत होता. त्याने मलाच विचारलं. आता मी उतरतोय म्हणजे वर जाऊन आलो असणार, असा त्याचा समज. कशाला मोडायचा? म्हटलं, दहाच मिनिटं. नजारा? म्हटलं, शब्द नाहीत. हे तर खरंच होतं.

१३ सप्टेंबर. ब्राइस कॅन्यन.
इथे सगळं उफराटं. आधी खाली उतरायचं, मग दमल्यावर चढायचं. ज्याने आखलं त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे. काठावरूनच पाहिलं. काठावरून जास्त दिसतं.

जोलीनला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. कामाच्या गर्दीतही पोरगी बापाला अंगठा पाठवते. शेजारच्या तंबूतल्यांना दाखवला. त्यांनी छान म्हटलं.

उद्यापासून पहाटे उठणे. बटाट्याचे वेफर्स बंद.

१५ सप्टेंबर. कॅपिटल रीफ.
पहाटे उठलो नाही. थंडी होती.

इथल्या कॅम्प होस्ट वर्ला नावाच्या बाई. उन्हाळाभर आपल्या गाडीघरात राहतात आणि कॅम्पवर लक्ष ठेवतात. तोंडाने फटकळ. शेकोटीजवळ लाल खुर्ची मांडलेली पाहून म्हणाल्या, अहो लोवेल, पाहुणा अदृश्य आहे की काय? म्हटलं, मुलगी यायची आहे. कधी? म्हटलं, ‘बघू’ म्हणालीय, म्हणजे येणारच. त्या म्हणाल्या, माझा मुलगा तर सहा वर्षं बघतोय हो! डोळे फुटायची वेळ आली त्याच्यावर!

मी हसलो नाही. काहींच्या नशिबात तशी मुलं असतात, त्याला इलाज नाही. मग त्यांनी पीचचा पाय, म्हणजे आत फळं भरून भाजलेली गोड पेस्ट्री, आणून दिला. आपल्यासाठी आणलेला अर्धाही मलाच दिला आणि लाल खुर्चीवर न बसता उभ्यानेच गप्पा मारून गेल्या. बाई वाईट नाहीत.

वेफर्स बंदच आहेत. पीचचा पाय हे फळ आहे.

१७ सप्टेंबर. गॉब्लिन व्हॅली.
गेटवर पास ऐटीत पुढे केला. खिडकीतली मुलगी म्हणाली, काका, हे स्टेट पार्क, तुमचा पास नॅशनलचा. म्हटलं, स्टेट काय नेशनच्या बाहेर आहे? ती म्हणाली, रोज एक जण तरी हेच विचारतो. मागे गाड्यांची रांग लागली. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे बराच वेळ भांडलो आणि पैसे भरले. मग रागाने ट्रेल केलाच नाही.

जोलीनचा फोन. म्हणाली, शनिवारचं जमल्यातच जमा आहे डॅड, एवढं एक काम हातावेगळं झालं की सुटले. बघा वर्लाबाई!

१९ सप्टेंबर. आर्चेस, मोॲब.
शेकोटीचं लाकूड दोघांपुरतं घेतलं. तिला मार्शमेलो भाजून लागतात, तेही घेतले. लहानपणी ती ते जाळायची आणि मी जळके खायचो. उद्या शनिवार. उद्याची दगडी कमान दोघं मिळून बघणार. तोवर गुडघ्याला विश्रांती, म्हणजे तिच्या बरोबरीने चालता येईल.

२० सप्टेंबर, संध्याकाळ.
दुपारपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो. मग फोन आला.

डॅड, या खेपेला नाही रे जमत. पण पुढच्या वर्षी नक्की, अगदी नक्की. थोडंच राहिलंय, एवढं मार्गी लागलं की मी मोकळीच. तू थांबू नकोस हं, खूप मजा येईल बघ तुला.

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. बराच वेळ आठवत बसलो, कुठे ऐकला. झायनला त्या लठ्ठ गृहस्थाशी मी असाच बोललो होतो.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं होतं, कमानीपर्यंत गेलास का? म्हटलं, गेलो. कशी आहे? म्हटलं, शब्द नाहीत. बरं वाटलं तिला. पोरगी वाईट नाही. फार एकटं वाटतंय. हे लिहायचं नव्हतं.

अंधार पडताना शेजारच्या तंबूतली बाई आली. तिचे सासरे दमून आले होते, टेकायला काही नव्हतं. लाल खुर्चीकडे बोट दाखवून तिने विचारलं, कुणी बसणार आहे का इथे?

म्हटलं, हो. आता येईलच. दहाच मिनिटं.

ती बरं म्हणाली, आणि तिने म्हाताऱ्याला त्यांच्या बर्फाच्या पेटीवर बसवलं. मी मार्शमेलो भाजायला घेतले. सगळे जळले. खाल्ले.