तुझा हात गरम होता

माय, तुझी धाप आता कशी आहे? बाबांचे गुडघे अजून दुखतात का, आणि थोरल्या आत्याच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? इकडे मी बरा आहे, साखर तेवढी वर-खाली होते. तुझी सून कंबर धरून का होईना, हिंडते-फिरते. माझी नात यवतमाळला नर्सिंग शिकते. तिच्यामुळेच आज लिहायला बसलो.

मागच्या रविवारी ती ओसरीवर पुस्तक घेऊन बसली होती. मी चौथी शिकलेला माणूस, पण छापलेलं दिसलं की राहवत नाही. पुड्याचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हटलं, मलाही सांग. ती म्हणाली, प्राणवायू कमी पडला तरी सगळ्यांचं अंग सारखं वागत नाही. आपण जो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, त्याच्यावर ते अवलंबून असतं. भराभर श्वास घेऊन तो निघून गेला की रक्तवाहिन्या आखडतात, हात थंड पडतात, बोटांना मुंग्या येतात, डोकं गरगरतं. पण छाती थकली आणि तो आतच साठला, तर त्याच वाहिन्या सैल होतात. "मंग हात गरम लागते, आबाजी. नाडी जोरात उडते, डोकं दुखते, झोप येते. घरच्यायले वाटते, माणूस सुधरला."

मी चष्मा पुसत बसलो.

तुझ्या चुलीत वर्षभर पऱ्हाट्याच जळायच्या. कापूस वेचून झाला की मागं राहिलेली ती वाळकी झाडंच आपलं सरपण. मी ओल्या आणल्या की तू धुरातून ओरडायचीस, "माहे डोळे फोडतं काय रे?" डोळे राहिले, छाती गेली. धाप लागली की तुझे हात गार पडायचे आणि मी तिळाचं तेल कोमट करून चोळत बसायचो. हात तापले की धाप उतरलीच म्हणून समजा. दर वेळी तसंच झालं. आणि हे मला शिकवलंस तूच. गोठ्यात अशक्त वासरू पाहून मी रडत होतो, तेव्हा तू माझा हात धरून त्याच्या कानावर ठेवलास. "गरम हाये ना? मंग कायले रडतं? जगते ते." ते जगलंही.

त्या दुपारी तुला दवाखान्यात न्यायला दारव्ह्याची जीप दारात उभी आहे. तीन दिवसांची धाप सकाळपासून मंदावली आहे. कपाळ दुखते म्हणालीस आणि डोळे मिटून पडली आहेस. मी तुझा हात हातात घेतो. गरम. तळवा लालसर, नाडी अशी उसळते की बोटाला ढकलते. हातच्या काकणाला आरसा कशाला. जीपवाला हाक मारतो, चालता का भाऊ, सीटा भरल्या. मी दारात येऊन सांगतो, "राहू दे. झोप लागली तिले. उद्या नेतो." आत येऊन तुझ्या अंगावर चादर ओढतो. दिवस कलायच्या आत तू गेलीस.

तेव्हापासून जो रडला त्याला मी एकच सांगत आलो, हात गरम होता, सुखानं झोपेत गेली. माझ्या बहिणीनं तर त्याच एका वाक्यावर दिवस काढले. आता तिला काय सांगू?

नातीला विचारलं, अशा माणसाला वेळेवर नेलं तर? ती म्हणाली, "कोणी वाचते, कोणी नाही वाचत. पण न्यावं लागते." मग तिनं विचारलं, आपल्या घरात कोणाले झालतं काय? मी नाही म्हणालो.

अजूनही सकाळी उठलो की आधी तुझ्या सुनेचा हात चाचपतो, आणि गरम लागला की मला बरं वाटतं. काय करू, तूच शिकवलेलं आहे.

हे पत्र घडी करून तुझ्या लुगड्याच्या पेटीत ठेवतो. टाकायला पत्ता कुठे आहे. तू मात्र लवकर लिही. बाकी काही नको लिहू. जीप वळून गेली तवा तू जागी होती काय, एवढं सांग मले.