उजवी कळी

५ नोव्हेंबर, बुधवार

डावी पडली!

पहाटे सगळे मळ्यात गेलो. आईने मळाईला, मळ्यातल्या आमच्या देवीला, आंघोळ घातली. ते काम तिचंच, त्या वेळी जवळ कोणी जायचं नाही. मग वडिलांनी, दादांनी, मळाईच्या दोन्ही खांद्यांवर, ओल्या शेंदरावर, शेवंतीची एकेक कळी लावली आणि हात जोडून विचारलं, "आई, धुरपदाच्या काळजाचं आपरेशन करावं का?" उजवी पडली तर कर, डावी पडली तर नको. आम्ही गुरव. दादांनी अख्ख्या वस्तीची लग्नं, विहिरी, भावाभावांची भांडणं याच दोन कळ्यांवर सोडवली. पण आज तिथे आईचा जीव लावला होता!

डावी टपकन पडली. आई म्हणाली, "झालं. नगं म्हनाली ती." आणि हसली. हसली!

मी भांडले. दादा म्हणाले, "एकदा कौल दिला की तोच सवाल पुढच्या पुनवंपतुर इचारायचा न्हाई." म्हणजे महिना. डॉक्टर म्हणालेत, महिना-दीड महिन्याच्या वर थांबू नका.

दौंडला परत येताना शिरूरपर्यंत एसटीत रडत होते. शेजारच्या बाईने न विचारता शेंगदाणे दिले.

८ नोव्हेंबर, शनिवार

शिरूरच्या दवाखान्यातला तो दिवस डोक्यातून जात नाही.

पडद्यावर आईचं काळीज. काळंपांढरं, धुरकट. मधोमध एक झडप — उघड, मीट, उघड, मीट. डॉक्टर सांगत होते की झडप आवळलीय, रक्ताला पुढे जायला वाट उरली नाही, बदलावी लागेल. मला अर्धं ऐकूच आलं नाही. मी नुसती बघत होते. मी आईच्या पोटात होते तेव्हा हे दार चालू होतं! त्याच्या आधी, ती स्वतः आजीच्या पोटात होती तेव्हाही चालू होतं. कोणी तेल घातलं नाही, कोणी सर्व्हिसिंग केलं नाही. आमच्या कंपनीतला पंप महिन्यातून दोनदा बंद पडतो आणि तीन माणसं त्याच्याभोवती उकिडवी बसतात.

दादांनी पायताण काढलं. दवाखान्यात! आणि पडद्याला हात जोडले. आई पडल्या पडल्या मान वळवून बघत होती. म्हणाली, "ह्ये दार कोन उघडतंय गं?"

डॉक्टर हसले नाहीत. मला तेव्हा आई-दादांचा राग आला होता. आज लिहिताना येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सुट्टी. माहेरी कवठ्याला गेले आणि दुपारी मळ्यात कोणी नसताना मळाईची परीक्षा घेतली.

मी तपासणी खात्यातली बाई. कुरकुंभच्या औषध कंपनीत रोज गोळ्यांचे नमुने तपासते. पुराव्याशिवाय माझ्या टेबलावरून एक डबा पुढे जात नाही. मग आईचा जीव दोन कळ्यांवर कसा सोडू?

पहिला प्रश्न — आज मंगळवार आहे का? डावी पडली. म्हणजे नाही!

दुसरा — माझं नाव साधना का? बराच वेळ कोणी हलेना. मग वाऱ्याने दोन्ही गेल्या.

तिसरा — मी कुरकुंभच्या कंपनीत कामाला आहे का? उजवी. चला, एक तरी बरोबर.

मग विचारलं — तू आहेस का?

कळ्या लावल्या. समोर शेंदूर थापलेला दगडी तांदळा, दोन चांदीचे डोळे, भर दुपार. पडायच्या आत दोन्ही कळ्या हाताने काढून घेतल्या! नमुना घेतला आणि तपासला नाही. कंपनीत असं केलं असतं तर नोटीस मिळाली असती.

दादांना पहिले तीन सांगितले, चौथा गिळला. म्हटलं, "बघा, वारही कळत नाही तुमच्या मळाईला. पुरावा काय तिचा?" दादा विडी विझवत म्हणाले, "तुला ठावं हाय ते तिला कशापायी इचारती? पोरानं मास्तरला पाढं म्हनून दाखव म्हनावं, तसली गत. आन् पुरावा पायजे तर कोर्टात जावं. हितं कौल मिळतो."

माझा नवरा भारत बरोबर असता तर तोही दादांच्याच बाजूने हसला असता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत इशरतला सगळं सांगितलं. ती आमच्याकडे जंतू तपासते. दौंडचीच.

तिला विचारलं, "तुझा अल्ला आहे, याचा पुरावा काय?" म्हणाली, "पहाटे नमाजाला उठते ना मी. गजर कधीच लावत नाही. कोण उठवतं?" म्हटलं, "नवरा उठवत असेल." "तो? त्याला उठवायला बँडबाजा लागतो!" दोघी हसलो. मग डबा झाकता झाकता ती म्हणाली, "साधनाताई, प्लेटवर काही उगवलं नाही तर आपण काय लिहितो? 'जंतू नाहीत' लिहितो का कधी? 'आढळले नाहीत' लिहितो. आपली नजर जिथवर जाते तिथवरचंच बोलायचं."

मी वर्षानुवर्षं ते दोन शब्द लिहितेय. रोज लिहितेय. आणि आज पहिल्यांदा वाचले असं वाटलं. दुपारभर सही करताना हात थबकत होता.

पण यामुळे आईची झडप थोडीच उघडणार आहे!

१९ नोव्हेंबर, बुधवार

दादांचा फोन. आई आज गोठ्यापासून घरापर्यंत येताना दोनदा खाली बसली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रजा टाकून कवठ्याला. आईचे पाय सुजलेत. पिठलं करते म्हणून उठली आणि चुलीपाशी धापा टाकत बसली. पिठलं मीच केलं. गुठळ्या झाल्या. बिनतक्रार खाल्लं तिने, यावरूनच कळलं किती थकलीय.

दादा बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "काळीज बंद पाडत्यात व्हय गं आपरेशनात?"

म्हटलं, "हो. थोडा वेळ. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. मग परत चालू करतात."

"मंग तवर म्या कुठं आसनार?"

मी काहीतरी बोलले. भूल असते, काही कळत नाही, झोपेसारखं. आई म्हणाली, "झोपंत काळीज चालू आसतं. म्या इचारते, बंद पडल्यावर म्या कुठं? आन् माघारी येताना वाट न्हाई घावली तर?"

एवढी पुस्तकं वाचली, एवढ्या परीक्षा दिल्या. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आई चौथी शिकलेली. असला प्रश्न घेऊन ती महिनाभर एकटी भाकरी थापत होती आणि मला वाटत होतं, ती अडाणीपणाने हटून बसलीय.

तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. छातीतून आवाज येत होता — घरघर, मग ठोका, मग घरघर. म्हटलं, "कौल आला तर जाशील?" म्हणाली, "ती म्हनली तर जाईन. तिच्या म्होरं कोन हाय?"

२ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. खोटं बोलायचं. देवीच्या तोंडून.

गोळीची पावडर बांधून ठेवायला एक बाइंडर वापरतात. पाण्यात कालवला की रंग ना वास, वाळला की घट्ट. चिमूटभर पुडीत बांधून आणला. आजवर कंपनीतून पेनसुद्धा घरी आणलं नाही मी! गेटवरच्या वॉचमनने "काय मॅडम, आज घामाघूम?" विचारलं. डिसेंबरात!

परवा पुनव. डाव्या कळीच्या बुडाला लावायचा. डावी पडलीच नाही, तर कधी ना कधी उजवीच पडेल. देव असेल तर माफ करेल. नसेल तर प्रश्नच नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

पहाटे कडाक्याची थंडी. आईने आंघोळ घातली. आज तिला खूप वेळ लागला, दम लागत असेल. दादांचे हात गारठले होते, कळ्या धरवेनात. म्हटलं, "द्या, मी लावते." माझी डावी कळी पदराखाली तयार होती. लावली, बसली. उजवी नुसत्या पाण्यावर लावली. तीही हात लावताच घट्ट धरून बसली! म्हटलं थंडीने शेंदूर आवळला असेल. पण आता दोन्ही पडल्या नाहीत तर?

दादांनी सवाल घातला. आम्ही उभे.

एकही कळी हलेना. तांबडं फुटलं. ऊस भिजवायला जाणारी दोन माणसं बांधावर थांबली आणि त्यांनी टोप्या काढल्या. ऊन तांदळ्याच्या बुडाशी आलं, मग मध्यावर. दादांचे ओठ हलत होते. वारा अजिबात नव्हता. मळ्यात इतकी शांतता की कॅनॉलचं पाणी ऐकू येत होतं. आणि काय सांगू, मी तिथे लबाडी करायला उभी होते, पण माझ्याही तोंडून निघालं, "आई गं, बोल."

उजवी सुटली. खांद्यावरून घरंगळत पायाशी आली.

दादा रडले. मी त्यांना आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं. आई मात्र पांढरीफटक पडली होती. मळाईकडे अशी बघत होती की मला तिची भीती वाटली. मग म्हणाली, "जाते बाई. जाते." मला वाटलं होतं ती रडेल, अडून बसेल. घरी येऊन तिने मुकाट्याने पिशवी भरायला घेतली.

सगळे निघाल्यावर मी डावी काढायला गेले. देठ तुटला, कळी निघेना. नखाने खरवडून काढली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आई मळाईच्या भरवशावर चाललीय. आणि ती मळाई म्हणजे मी! काही बरंवाईट झालं तर कोणाच्या पाया पडू?

१५ डिसेंबर, सोमवार

पुणे. हॉस्पिटल.

सकाळी आईला आत नेलं. जाताना मलाच म्हणाली, "भिऊ नगं." महिन्यापूर्वीची आई ही नव्हेच. तिच्या तोंडावर काही वेगळंच होतं, शांत, जत्रेला निघाल्यासारखं. दादा दाराशी बसून राहिले, चहासुद्धा नाही.

दुपारी सर्जन बाहेर आले. सगळं नीट! मी त्यांना सोडलंच नाही. विचारलं, "हृदय खरंच थांबवलं होतं?" हो म्हणाले. "मग परत चालू कसं केलं?" ते दमले होते, तरी थांबले. म्हणाले, "काही वेळा शॉक द्यावा लागतो. तुमच्या आईंना लागला नाही. रक्त परत सोडलं आणि आपोआप सुरू झालं."

आपोआप!

आमच्या लॅबमध्ये या शब्दाला परवानगी नाही. काही बिघडलं, काही सुधारलं, तर कारण शोधून लिहायचं. 'आपोआप झालं' लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकतात. म्हटलं, "आपोआप म्हणजे?" सर्जन म्हणाले, "रक्त पोचलं की पेशी आपणहून ठोका धरतात. कसा, ते बरंचसं सांगता येईल. पण मी इतकी वर्षं बघतोय, आणि दर वेळी तो पहिला ठोका बघताना मी श्वास रोखून धरतो."

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "आलं व्हय माघारी? वाट घावली तिला." म्हणजे तो प्रश्न आईने त्यांनाही विचारला होता! मी तिथेच जिन्यात बसले आणि मोठमोठ्याने रडले.

२२ डिसेंबर, सोमवार

नव्या झडपेचा आवाज येतो. खोली शांत असली की आईच्या छातीतून टिकटिक ऐकू येते. दादा तासन्‌तास ऐकत बसतात.

३ जानेवारी, शनिवार

आज पुनव. आई कवठ्याला आलीय. अंगणात उन्हाला बसवलं. दादा मळाईकडे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"साधे, रागवू नगं. त्या दोन्ही पुनवंला आंघुळ घालताना म्या मळाईच्या उजव्या खांद्याला बाभळीचा डिंक फासला हुता. उजवी पडूच नये म्हनून. मला जायाचं नव्हतं गं, लय भ्या वाटत हुतं. दुसऱ्या डावाला तर जास्तीच फासला. तरी पडली. मंग म्हनलं, आता हिच्या म्होरं काय बोलायचं. तुज्या दादांस्नी सांगू नगं."

मी डावीला काय लावलं होतं, ते तिला सांगितलं.

दोघींच्या मधे नुसती टिकटिक.

दोन्ही कळ्या चिकटवलेल्या. उजवी पडली. घरात येऊन डिंक घेतला, पुडीतला उरलेला बाइंडर घेतला, पाटा ओला केला, शेवंतीच्या कळ्या लावल्या. संध्याकाळ झाली, दोन्ही अजून जागच्या जागी आहेत.

कारण — आढळले नाही.