बोलायची नळी

३ फेब्रुवारी

घसा बसला. सर्दी नाही, ताप नाही — आईशी बोलून बसला. "गोळी घेतलीस का" हे सकाळी इतक्यांदा ओरडून विचारलं की शेवटी वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून म्हणाली, "घेतली असेल हो!" आई आपली माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "दूध उतू गेलं का?"

म्युझियमच्या तळघरात कुणी बोलायला नसतं, तेवढंच सुख. आजपासून वैमानिकांच्या पेट्या उघडायच्या. फळ्या आणि कापडाच्या विमानांचे दिवस होते ते, लष्करातली ही माणसं उघड्यावर बसून उडायची. साहेबांना मार्चमध्ये प्रदर्शन लावायचंय. कातडी टोप्या, चष्मे, कोपरापर्यंतचे हातमोजे, एक एकटाच बूट. कातडं इतकं जुनं की बोट लावलं तर तांबडा भुगा निघतो. दिवसभर मऊ ब्रश आणि मी.

५ फेब्रुवारी

दादाचा फोन. वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय, एक तारखेपासून मिळेल. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला देणार.

"तूच म्हणालीस ना, आता माझ्याने होत नाही?"

म्हणाले होते. आणि होत नाहीच. तिला उठवा, आंघोळ घाला, डबा झाकून ठेवा, धावत कामाला जा, परत या तर दार उघडं, गॅस चालू नाही ना म्हणून आधी स्वयंपाकघरात पळा. जाऊ दे तिला, असं आज मनात आलं. आलं ते लिहून टाकलं.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"तू विचार ना. तू जवळ असतेस." अंग कसं काढून घ्यावं ते याच्याकडून शिकावं.

विचारू कसं पण? कानातलं मशीन शिट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात टाकलंय, दोनदा बदलून आणलं तरी तेच. लिहून दाखवावं तर डोळ्यांनी मोठी अक्षरंसुद्धा धड दिसत नाहीत. राहिलं ओरडणं. "आई, वृद्धाश्रमात जाशील का" हे काय ओरडून विचारायचं वाक्य आहे? सगळ्या इमारतीला कळेल. आणि ओरडून विचारलं की ते विचारल्यासारखं राहतच नाही, हाकलल्यासारखं होतं.

८ फेब्रुवारी

कंबर मोडली. दुसरं काही नाही.

११ फेब्रुवारी

आज एक वेगळी टोपी निघाली. शिकाऊ वैमानिकाची. कानांच्या जागी पत्र्याच्या दोन वाट्या शिवलेल्या, दोन्हींतून रबरी नळ्या निघून हनुवटीखाली एक होतात, आणि पुढे लांब नळी, टोकाला नरसाळं.

अशी टोपी याआधी एकदा हाताळलीय, म्हणून ओळखली. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. इंजिनाच्या आवाजात हाका मारून उपयोग नाही. म्हणून पुढचा नरसाळ्यात बोलायचा आणि ते थेट मागच्याच्या कानात. मागच्याला बोलायची सोयच नाही. त्याने फक्त ऐकायचं.

हवालदारला सांगितलं. हवालदार म्हणजे आमचा पेट्या बांधणारा, मिशीमुळे नाव पडलंय, कधी कुठल्या फौजेत नव्हता. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या घरासारखंच की ताई."

"तुमच्याकडे पुढे कोण बसतं?"

"हे काय विचारणं झालं?"

बऱ्याच दिवसांनी हसले. टोपीच्या अस्तराला घामाचा डाग होता, कपाळाच्या जागी. पोरगाच असेल कुणीतरी. काय काय ऐकून घेतलं असेल बिचाऱ्याने.

१४ फेब्रुवारी

मांडणी करणारा आला, त्याला आम्ही कलाकार म्हणतो. काल तशीच आणखी एक टोपी निघाली होती. मी जेवायला गेले तेवढ्यात पठ्ठ्याने नळीवाल्या त्या दोन टोप्या शेजारी ठेवून एकीच्या वाट्यांतली नळी दुसरीच्या वाट्यांत जोडली. कशी गोड जोडी दिसते म्हणे!

"अहो, दोघंही ऐकतायत. बोलतंय कोण?"

"बघणाऱ्याला काय कळतंय, ताई."

कपाळाला हात लावला. वर त्या ओढाताणीत जुनी नळी मोडली. रबर काय, सुकलेली काटकीच होती ती. साहेबांनी दोघांनाही झापलं आणि शेवटी काम माझ्याच गळ्यात: नवी नळी करा, चालणारी करा, लोकांना कानाला लावून बघता आली पाहिजे.

१६ फेब्रुवारी

दादा-वहिनी आले होते. वहिनीने चाकांची बॅग आणली. "असू दे, लागेल." आईने बॅगेवरून हात फिरवला, चेन उघडून बघितली, मिटली. "छान आहे," म्हणाली. कुणासाठी ते विचारलं नाही.

मग आम्ही तिघं बोलत बसलो. जेवण कसं असतं तिथलं, डॉक्टर येतो का, खोलीला खिडकी आहे का. आई मधोमध खुर्चीत. तिच्यासमोर, तिच्याबद्दल, नेहमीच्या आवाजात. तिला ऐकू येत नाही म्हणून आम्ही किती निवांत बोलत होतो! मध्येच तिच्याकडे लक्ष गेलं तर ती आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. दादाला म्हटलं, बास आता, मला वाढायचंय. वाढून कधीच झालं होतं.

जाताना दादा म्हणाला, "विचारलंस की फोन कर."

१९ फेब्रुवारी

नळी झाली. मऊ रबरी पाइप, पत्रेवाल्याकडून करून घेतलेल्या वाट्या, आत मऊ कातडं. हवालदारला नरसाळं देऊन कपाटांच्या पलीकडे पाठवलं. मी वाट्या कानाला लावून इकडे.

आधी त्याचा श्वास ऐकू आला. मग कुजबूज, अगदी डोक्याच्या आत कुणी बोलावं तशी. "ताई, कलाकार बिल लावणार बघा या नळीचं." मग आणखी हळू, "तुम्ही फार दमलेल्या दिसता हो हल्ली."

समोरासमोर त्याने हे कधी म्हटलं नसतं. मी बोलले असते तरी त्याला ऐकू गेलं नसतं.

पाइप बराच उरलाय.

२० फेब्रुवारी

उरलेला पाइप साहेबांना विचारून घरी आणला. "झाडांना पाणी घालायला का?" म्हणाले. हो म्हटलं. वाटेत पत्रेवाल्याकडे आणखी दोन वाट्या आणि एक नरसाळं करायला टाकलं.

२३ फेब्रुवारी

आज दुपारी विचारलं.

आधी ती नळी जवळ आणूच देईना. "डॉक्टरचं आहे का? मला नको." मग मीच आधी कानाला लावून दाखवलं, तेव्हा लावून घेतलं. मी नरसाळ्यात म्हटलं, "आई." ती दचकली. माझ्याकडे बघितलं, मग मागे बघितलं, कुणी उभं आहे का म्हणून.

"ऐकू येतंय?"

"अगं, ओरडतेस काय!"

मी ओरडत नव्हते. साध्या आवाजात बोलत होते. आवाज आणखी खाली आणला. आईशी हळू बोलायचं कसं तेच विसरले होते, शब्द सुचेनात. म्हटलं, भाजी कशी झाली होती? म्हणाली, खारट. रोजच खारट असते, सांगून काय उपयोग, तू घाईत. मग ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझा आवाज म्हातारा झालाय गं."

मला रडूच आलं. नरसाळं बाजूला धरलं, तिला ऐकू जायला नको म्हणून.

मग विचारलं. खोली, एक तारीख, दादा, मी — सगळं सांगितलं. माझ्याने होत नाही आता, हेही. तुला नको असेल तर नाही म्हण, मी दादाला कळवते, कुणी जबरदस्ती करणार नाही. ती ऐकत होती. सगळं सांगून झालं तेव्हा वाट्या काढून मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "चहा टाक."

टाकला. प्यायली. आडवी झाली. पुढे दिवसभर एक अवाक्षर नाही. नाही म्हणू दे, असं वाटतंय. हो म्हणू दे, असंही वाटतंय. मला काय हवंय तेच कळेनासं झालंय.

२४ फेब्रुवारी

सकाळी मी डबा भरत होते. आई नळी घेऊन आली आणि वाट्या माझ्या कानांना लावायला लागली. "अगं, मला येतं ऐकायला" म्हटलं, पण ते तिला कुठलं ऐकू जायला. नरसाळं तिने स्वतःच्या तोंडाशी धरलं.

एरवी तीही आमच्यासारखीच मोठ्याने बोलते. आज कुजबुजली.

"बॅग आली तेव्हाच कळलं मला. वाट बघत होते, कुणी विचारतंय का. जाते मी. तू दिवसभर तळघरात, मी भिंतीसमोर. तिथे निदान चार जणी असतील. ही नळी मात्र बरोबर दे."

मी लगेच "नको जाऊस" म्हणाले. वाट्या माझ्या कानांना, नरसाळं तिच्या हातात. ओरडले असते तर ऐकू गेलं असतं तिला. नाही ओरडले.